वजाबाकीत उरलेला उजेड

पेट स्कॅनच्या टेबलावर निवांत पडलेल्या माणसाच्या शरीरात एक गोष्ट दर सेकंदाला कोट्यवधी वेळा घडत असते आणि त्याला तिचा पत्ताही नसतो. स्कॅनआधी शिरेतून दिलेल्या साखरेसारख्या औषधात किरणोत्सारी फ्लोरिन असतं. त्याच्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. हा इलेक्ट्रॉनचाच जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. तो मिलिमीटरभर जातो न जातो तोच त्याला एखादा इलेक्ट्रॉन गाठतो आणि दोघेही संपतात. मागे राख उरत नाही की तुकडे उरत नाहीत. दोघांचं सगळं वस्तुमान दोन गॅमा फोटॉनांत, म्हणजे प्रचंड ऊर्जेच्या प्रकाशकणांत जातं, प्रत्येकी 511 हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा, एक इकडे सुटलेला तर दुसरा बरोबर त्याच्या विरुद्ध दिशेला. स्कॅनरच्या कड्यावर हे दोघे एकाच क्षणी आदळले की संगणक त्या दोन जागांमध्ये एक रेघ ओढतो. अशा अगणित रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे औषध साठलेलं आहे, हे डॉक्टरांना कळतं.

आपल्या आकाशगंगेचाही असाच स्कॅन काढायचा खटाटोप गेली कित्येक वर्षं चालू आहे. शोध आहे कृष्णद्रव्याचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास डार्क मॅटर म्हणतो त्याचा. अडचण इतकीच की रुग्णाला काय टोचलं होतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. इथे ते कुणालाच ठाऊक नाही.

कृष्णद्रव्य आहे कशावरून, हे फार उगाळत बसत नाही. 1933 साली फ्रिट्झ झ्विकीला कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना दिसल्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाने त्या एकत्र राहणं शक्यच नव्हतं. 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचं मोजमाप केलं. कडेला गेल्यावर वेग कमी व्हायला हवा होता, तो होत नव्हता. पुढे प्लांक उपग्रहाने विश्वाच्या बालपणीचा प्रकाश मोजला आणि हिशोब असा आला: विश्वात साधं द्रव्य जेमतेम 5 टक्के, कृष्णद्रव्य 27 टक्क्यांच्या आसपास. हे सगळे पुरावे गुरुत्वाचे आहेत. कुणीतरी अदृश्य खेचतंय एवढंच त्यातून कळतं. तो कण कसा आहे, किती जड आहे, कशाला प्रतिसाद देतो, यावर गुरुत्व काही बोलत नाही.

मग गॅमा किरणांचा संबंध आला कुठून?

इथे एक मोठा 'जर' आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा. जर कृष्णद्रव्याचा कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल, म्हणजे असे दोन कण भेटल्यावर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनसारखे एकमेकांना संपवत असतील, तर त्या परस्परनाशातून ऊर्जा बाहेर पडायला हवी. असं होतंच हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ही कल्पना हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे एक हिशोब आहे, आणि तो ज्याने त्याने एकदा तरी समजून घ्यावा इतका देखणा आहे.

महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांत सगळंच इतकं तापलेलं आणि दाटीवाटीचं होतं की हे कण सतत तयारही होत होते आणि एकमेकांना संपवतही होते. विश्व प्रसरण पावत थंड होऊ लागलं तशी नव्या कणांची निर्मिती थांबली, संपवणं मात्र चालू राहिलं. तेही फार काळ चाललं नाही. विश्व एवढं पसरलं की कणाला कण भेटेनासा झाला. त्या वेळी जे शिल्लक राहिले ते राहिलेच. गर्दीच्या मैदानात पकडापकडी रंगात आलेली असताना मैदानच वाढत गेलं, तर काही गडी कुणाच्याही हाती न लागता उरणारच, तसं काहीसं. किती उरतील हे ते एकमेकांना किती पटकन संपवतात यावर ठरतं. आज जेवढं कृष्णद्रव्य दिसतं तेवढं उरायचं असेल तर संपण्याचा दर किती हवा हे उलटं मोजलं, तर जो आकडा येतो तो साधारण त्याच घरातला आहे ज्या घरात क्षीण अण्वंतर्गत बलाने वागणारा एखादा जड कण असावा. म्हणून अशा कणाला विंप (इंग्रजीतल्या 'वीकली इंटरॅक्टिंग मॅसिव्ह पार्टिकल'ची आद्याक्षरं) म्हणतात, आणि या जुळणीला शास्त्रज्ञ कौतुकाने 'विंपचा चमत्कार' म्हणतात. मला स्वतःला 'चमत्कार' हा शब्द थोडा घाईचा वाटतो. योगायोगही असू शकतो. पण याचा एक फायदा असा की परस्परनाशाचा दर किती असावा याचा एक ठोस आकडा शोध सुरू होण्याआधीच हातात येतो. अवकाशात काय शोधायचं आहे आणि किती शोधायचं आहे, दोन्ही माहीत.

हा दर किती कमी आहे याचा अंदाज घेण्यासाठी मी कागदावर एक हिशोब मांडून पाहिला. कणांच्या जगात वस्तुमानसुद्धा ऊर्जेच्या मापात सांगतात. अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला जीईव्ही म्हणू. प्रोटॉन साधारण एक जीईव्हीचा. सूर्याच्या आसपासच्या अवकाशात कृष्णद्रव्य दर घनसेंटिमीटरला सुमारे 0.4 जीईव्ही आहे असं ताऱ्यांच्या गतींवरून दिसतं. विंपचा कण 40 जीईव्हीचा धरला, तर एका लिटरच्या जागेत सरासरी दहा कण. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या डोक्यातूनही ते सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने पार होत असणार. आता यांतले दोन एकमेकांना भेटून संपण्याची शक्यता किती? पृथ्वी उचलून बाजूला ठेवली आणि तिने व्यापलेली सगळीच्या सगळी जागा धरली, तर तेवढ्या अवाढव्य जागेत अशी घटना साधारण पंधरा मिनिटांतून एकदा घडेल. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा कुठेतरी शून्य खाल्लं असं वाटून मी सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच.

पृथ्वीएवढ्या जागेत पाव तासाला एक. मग हे दिसावं तरी कसं? एक तर आकाशगंगा प्रचंड आहे. दुसरं, आणि महत्त्वाचं, कृष्णद्रव्य सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. संपण्यासाठी दोन कण लागतात. खोलीत दहा माणसं असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवल्यावर 45 हस्तांदोलनं होतात. माणसं वीस केली की 190. गर्दी दुप्पट, भेटी जवळपास चौपट. तसंच घनता दुप्पट झाली की परस्परनाश चौपट होतो, दहापट झाली की शंभरपट. आकाशगंगेच्या केंद्राकडे जावं तशी कृष्णद्रव्याची घनता वाढत जाते. संगणकात दीर्घिका घडवून पाहणारे नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी 1990च्या दशकात दाखवलं की आतल्या भागात अंतर निम्मं झालं की घनता साधारण दुप्पट होते. म्हणजे केंद्राच्या दिशेने ही चमक झपाट्याने वाढायला हवी, आणि तिचा आकार ताऱ्यांच्या चपट्या तबकडीसारखा नसून बराचसा गोल हवा. कारण कृष्णद्रव्य तबकडीत बसलेलं नाही, आकाशगंगेभोवती ते गोळ्यासारखं पसरलेलं आहे.

आता त्या दोन कणांचं पुढे काय होतं तेही जवळून पाहू. 40 जीईव्हीचे दोन कण संपले की 80 जीईव्ही ऊर्जा मोकळी होते. पेट स्कॅनमध्ये ती सरळ दोन फोटॉनांत गेली होती. विंपच्या बाबतीत तो मार्ग बहुधा दुर्मीळ, कारण कृष्णद्रव्य प्रकाशाशी थेट बोलत नाही, म्हणून तर ते कृष्ण. जास्त शक्यता अशी की त्या ऊर्जेतून क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) आणि प्रतिक्वार्क यांची एक जोडी निघेल, समजा बॉटम नावाच्या जड क्वार्कची. क्वार्क एकटा राहू शकत नाही. तो आपल्या ऊर्जेतून नवे क्वार्क ओढून काढतो आणि बघता बघता कणांचा फवारा उडतो. त्यात पायॉन नावाचे कण मुबलक. यांतला विद्युतभार नसलेला पायॉन सेकंदाच्या अब्जांशाच्याही कोट्यंशाइतक्या वेळात फुटतो आणि त्याचे दोन गॅमा फोटॉन होतात. म्हणजे 80 जीईव्हीची चिल्लर होऊन ती बऱ्याच फोटॉनांत वाटली जाते. ऊर्जेचा सगळ्यात मोठा वाटा कुठे पडतो ते पाहिलं तर कणाच्या वस्तुमानाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. 40 जीईव्हीच्या कणासाठी दोन जीईव्हीच्या जवळपास. हा आकडा लक्षात असू द्या.

अडचण अशी की हेच पायॉन आकाशगंगेत दुसरीकडेही ढिगाने तयार होतात. ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेतलेले प्रोटॉन, ज्यांना आपण वैश्विक किरण म्हणतो, ते ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांवर आदळतात. पायॉन निघतात, फुटतात, गॅमा किरण देतात. वेगवान इलेक्ट्रॉन ताऱ्यांच्या साध्या प्रकाशाला धडक देऊन त्याचेही गॅमा किरण करतात. गॅमा किरणांत पाहिलं तर आकाशगंगेचा सगळा पट्टा लखलखतो तो मुख्यतः या दोन कारणांनी. 1967 साली सोडलेल्या ओएसओ-3 या उपग्रहाने आकाशातून आलेले अवघे 621 गॅमा फोटॉन टिपले होते, पण तेवढ्यातही ते आकाशगंगेच्या पट्ट्याकडून, त्यातही केंद्राकडून जास्त येतात हे कळलं. म्हणजे जिथे कृष्णद्रव्याची चमक सर्वाधिक असायला हवी, नेमकी तिथेच बाकी सगळ्यांची दिवाळी चालू आहे.

आज या कामाचा मुख्य आधार म्हणजे नासाची फर्मी दुर्बीण. 11 जून 2008 रोजी ती अवकाशात गेली. तिला दुर्बीण म्हणायचं खरं, पण तिच्यात आरसा नाही, भिंग नाही. गॅमा किरण आरशावरून परतत नाहीत, आरपार जातात. त्यामुळे त्यांना पकडायचं म्हणजे फोडायचं. एक फोटॉन आत आला असं समजा. बाहेरच्या प्लास्टिकच्या फरशांना तो आपला पत्ता लागू देत नाही, आणि तीच त्याची ओळख. विद्युतभारित कण आला असता तर तिथे लखकन चमक झाली असती आणि त्याची नोंद बाद झाली असती. बाद करण्यासारखे असे कण गॅमा फोटॉनांपेक्षा कितीतरी पट जास्त येतात. आपला फोटॉन पुढे टंगस्टनच्या पातळ पत्र्यात शिरतो आणि एखाद्या अणुकेंद्राजवळ त्याचा एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन होतो. वर आकाशात कण-प्रतिकण संपून प्रकाश झाला होता, इथे प्रकाश संपून कण-प्रतिकण होतात. ही जोडी सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या थरांवर थर पार करत उलट्या व्हीसारखी खूण उमटवत खाली जाते आणि सीझियम आयोडाइडच्या स्फटिकांत विसावते. खुणेवरून दिशा कळते, स्फटिकांतल्या चमकेवरून ऊर्जा.

दिशा कळते म्हणजे किती अचूक? एक जीईव्हीच्या फोटॉनाची दिशा जवळपास एक अंशाच्या आतबाहेर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त पुसट. केंद्र आपल्यापासून 26,000 प्रकाशवर्षं दूर. तिथे एक अंश म्हणजे साडेचारशे प्रकाशवर्षं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या पुसटपणात आहे.

2009 मध्ये लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी फर्मीची केंद्राकडची माहिती घेतली आणि वजाबाकी केली. वायूमुळे निघणारे किरण वजा, इलेक्ट्रॉनांमुळे निघणारे वजा, माहीत असलेले स्वतंत्र स्रोत वजा. शून्य यायला हवं होतं, पण काहीतरी उरलं. केंद्राभोवती एक बऱ्यापैकी गोल चमक, बाहेर जाईल तशी मंद होत जाणारी. तिची ऊर्जा दोन जीईव्हीच्या आसपास शिखर गाठणारी. पुढे इतर गटांनीही तपासलं, फर्मीच्या स्वतःच्या चमूनेही तपासलं. ही शिल्लक केंद्रापासून दहा अंशांपर्यंत, म्हणजे जवळपास पाच हजार प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेली दिसते. त्या भागातून येणाऱ्या एकूण गॅमा किरणांत तिचा वाटा साधारण दहा टक्क्यांचा. ती आहे यावर आता फारसा वाद नाही. ती कुणाची, यावर आहे.

कृष्णद्रव्याच्या बाजूने पाहिलं तर सगळं एवढं जुळतं की कुणालाही मोह व्हावा. 30 ते 50 जीईव्हीचा कण, बॉटम क्वार्कमध्ये संपणारा, आणि संपण्याचा दर जवळजवळ तोच जो महास्फोटाच्या हिशोबातून आधीच काढून ठेवला होता. आकार गोल. केंद्राकडे चमक वाढण्याची पद्धतही नवारो-फ्रेंक-व्हाइट यांच्या अपेक्षेच्या जवळची, फक्त किंचित जास्त उतार असलेली. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

पण या क्षेत्रातली जुनी मंडळी अशा मोहाला लगेच बळी पडत नाहीत, कारण त्यांनी आधीचे दोन किस्से पाहिलेले आहेत.

फर्मीच्या आधी कॉम्प्टन वेधशाळेवर इग्रेट नावाचं उपकरण होतं. त्याच्या माहितीत एक जीईव्हीच्या वर सगळ्याच आकाशातून अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा किरण दिसत. 2005 साली विम डी बोअर आणि सहकाऱ्यांनी ते कृष्णद्रव्याचे म्हणून मांडले. फर्मी वर गेल्यावर तोच भाग नव्याने मोजला गेला आणि ते जास्तीचे किरण दिसलेच नाहीत. आकाश निर्दोष होतं, मोजपट्टीच चुकली होती असं मानलं जातं. दुसरा किस्सा 2012चा. परस्परनाश थेट दोन फोटॉनांत झाला तर पेट स्कॅनसारखी एकाच ऊर्जेची धारदार रेषा मिळेल, आणि अशी रेषा दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या कारणाने तयार होत नाही. क्रिस्टोफ वेनिगर यांना फर्मीच्या माहितीत 130 जीईव्हीपाशी तसं काहीतरी दिसलं. मोजून पन्नासेक फोटॉन. लेखांचा पाऊस पडला. मग कुणीतरी पृथ्वीच्या वातावरणाच्या कडेकडून येणारे गॅमा किरण तपासले, तर तिथेही त्याच ऊर्जेला छोटासा उंचवटा. पृथ्वीच्या हवेत तर कृष्णद्रव्याची रेषा असायचं कारण नाही. माहिती वाढत गेली तशी ती रेषा विरत गेली.

केंद्राची चमक मात्र विरली नाही. म्हणून प्रश्न उरला तो दुसऱ्या दावेदाराचा.

हा दावेदार म्हणजे मिलिसेकंद पल्सार. मोठा तारा फुटून मागे शहराएवढ्या आकाराचा न्यूट्रॉन तारा उरतो, गरगर फिरतो आणि कालांतराने मंदावतो. पण शेजारी जोडीदार तारा असेल तर त्याचं द्रव्य ओढून घेत हा म्हातारा पुन्हा वेग पकडतो, सेकंदाला शेकडो फेऱ्यांपर्यंत. 1982 मध्ये सापडलेला या जातीचा पहिला पल्सार सेकंदाला 642 वेळा फिरतो. हे गॅमा किरण देतात. किती ऊर्जेचे? फर्मीने असे शंभराहून अधिक पल्सार मोजले आहेत, आणि त्यांचं शिखर येतं एक ते तीन जीईव्हीच्या दरम्यान. नेमकं तिथेच. आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा जो फुगवटा आहे तो म्हाताऱ्या ताऱ्यांचा, म्हणजे असे पल्सार असायला अगदी योग्य जागा. एकेकटा पल्सार इतक्या लांबून फर्मीला वेगळा दिसणार नाही, पण हजारोंच्या संख्येने असतील तर त्यांचा मिळून एक धूसर गोळा दिसेल.

म्हणजे दोन संशयित आणि दोघांचा आवाज सारखा. आवाजावरून ओळखता येत नसेल तर पोत पाहावा, असं काहींना सुचलं, आणि मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

रात्री तुम्ही कापडी तंबूत आहात, बाहेर पाऊस आहे आणि आत पाणी येतंय. वर पाहायला उजेड नाही. फक्त जमिनीवर थेंब कुठे पडले ते चाचपता येतं. सगळं कापडच भिजून झिरपत असेल तर थेंब कुठेही पडतील, विस्कळीत. कापडाला बारीक भोकं असतील तर त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा थेंब पडतील आणि मध्ये कोरड्या जागा राहतील. प्रत्येक भोकातून दोनचारच थेंब आले असले तरी एकूण नक्षीवरून अंदाज बांधता येतो. कृष्णद्रव्य म्हणजे झिरपणारं कापड, पल्सार म्हणजे भोकं, फोटॉन म्हणजे थेंब.

2016 साली दोन स्वतंत्र गटांनी दोन वेगळ्या गणिती पद्धतींनी ही नक्षी तपासली. एका गटात ट्रेसी स्लाटर होत्या, दुसऱ्यात तेच 130 जीईव्हीच्या रेषेवाले वेनिगर. दोघांचंही उत्तर एकच: भोकं आहेत. पुष्कळांनी त्या दिवशी कृष्णद्रव्याची फाइल बंद केली.

ती पुन्हा उघडली स्लाटर यांनीच. 2019 मध्ये रेबेका लीन आणि त्यांनी मिळून आपल्याच पद्धतीची परीक्षा घेतली. खऱ्या माहितीत त्यांनी कृष्णद्रव्याचा बनावट संकेत मुद्दाम मिसळला आणि पद्धतीला विचारलं, हे काय आहे? बनावट संकेत पूर्ण गुळगुळीत होता, त्यात एकही भोक नव्हतं. तरी पद्धत म्हणाली: भोकं. घातलेलं कृष्णद्रव्य तिला सापडेच ना. कारण पुन्हा वजाबाकीत होतं. वायूच्या ढगांचा जो नकाशा वजा केला जातो तो जरासा चुकीचा असेल तर त्याच्या खाचाखोचा शिलकीत राहतात आणि त्याच भोकांसारख्या दिसतात. पुढच्याच वर्षी वेनिगर यांच्या गटाच्या पद्धतीबद्दलही असंच झालं. मधल्या काळात फर्मीच्या यादीत जे नवे स्रोत आले होते ते झाकून पाहिले, तर भोकांचा पुरावा जवळपास नाहीसा झाला, मात्र एकूण चमक होती तेवढीच राहिली. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष असा उकरून काढायला कसलेला माणूस लागतो, आणि याबद्दल स्लाटर यांचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही असं मला वाटतं.

पल्सारच्या बाजूने दुसरा मुद्दा आकाराचा. काही अभ्यासांत ती चमक गोल न दिसता ताऱ्यांच्या फुगवट्यासारखी, म्हणजे थोडी पेटीसारखी चौकोनी दिसली. चमक ताऱ्यांच्या मागे जात असेल तर ती ताऱ्यांचीच, हा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. 2025च्या ऑक्टोबरमध्ये मुरु, सिल्क, लिबेस्किंड आणि सहकाऱ्यांनी संगणकात आकाशगंगेसारख्या दीर्घिका घडवून त्यातल्या कृष्णद्रव्याचा आकार तपासला. इतर दीर्घिका गिळत वाढलेल्या अशा आकाशगंगेत केंद्राजवळचं कृष्णद्रव्य मुळात गोल उरतच नाही, तेही चपटं होतं, असं निघालं. म्हणजे आकारावरून निकाल द्यायची सोयही गेली.

मग जिथे दिवाळी नाही अशा जागी जाऊन का पाहू नये? हा विचार मला सगळ्यात साधा आणि सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आकाशगंगेभोवती लहान लहान खुज्या दीर्घिका फिरतात. ड्रॅको, सेग्यू 1 अशी त्यांची नावं. त्यांच्यात तारे थोडे, वायू जवळजवळ नाही, पल्सार असण्याची शक्यता नगण्य. कृष्णद्रव्य मात्र भरपूर, ताऱ्यांच्या कित्येक पट. तिथून गॅमा किरण आले तर आळ घ्यायला दुसरं कुणी नाही. फर्मीच्या चमूने 2015 मध्ये अशा 15 खुज्या दीर्घिकांची सहा वर्षांची माहिती एकत्र केली. ठोस काहीच मिळालं नाही. त्या 'नाही'तून एक मर्यादा निघाली: बॉटम क्वार्कमध्ये संपणारा विंप सुमारे 100 जीईव्हीपेक्षा हलका असेल तर महास्फोटाच्या हिशोबातला दर त्याला परवडत नाही. केंद्राच्या चमकेसाठी मागितलेला 40 जीईव्हीचा कण या मर्यादेच्या बरोबर आत सापडतो. तरीही कृष्णद्रव्याचे वकील पूर्ण गप्प बसलेले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सेग्यू 1सारख्या दीर्घिकेत मोजता येण्याजोगे तारेच इतके कमी आहेत की तिथल्या कृष्णद्रव्याच्या घनतेचा आकडा बराच मागेपुढे होऊ शकतो, आणि तो घनतेचा वर्ग होऊन हिशोबात येतो.

जमिनीखाली खोल खाणींत द्रवरूप झेनॉनच्या टाक्या लावून विंपची थेट टक्कर टिपायचे प्रयोगही चालू आहेत. त्यांनाही अजून तो भेटलेला नाही.

2025च्या नोव्हेंबरमध्ये तोक्यो विद्यापीठाच्या तोमोनोरी तोतानी यांनी आणखी एक शिल्लक पुढे ठेवली. त्यांनी फर्मीची 15 वर्षांची माहिती घेतली, तबकडीचा गजबजलेला पट्टा सोडून दिला आणि आकाशगंगेभोवतीच्या प्रभामंडळात 20 जीईव्हीपाशी शिखर असलेली चमक दिसते असं मांडलं. 20 जीईव्हीला वीसने गुणा, 400 येतात; तोतानी यांच्या हिशोबात कण 500 ते 800 जीईव्हीच्या घरातला. 2009च्या चमकेचा 40 जीईव्हीचा कण आणि हा, दोन्ही एकाच वेळी खरे असणं अवघड. शिवाय इथे लागणारा परस्परनाशाचा दर खुज्या दीर्घिकांनी घातलेल्या मर्यादेपेक्षा चढा आहे. बातम्यांत 'कृष्णद्रव्य पहिल्यांदा दिसलं' असे मथळे आले. माझ्या मते ते घाईचे होते. फर्मीची माहिती सगळ्यांना खुली आहे, तेव्हा दुसऱ्या कुणी वेगळ्या नकाशांनी वजाबाकी करून तेच उत्तर काढेपर्यंत थांबायला हरकत नाही.

वाद मिटवायचा एक रस्ता पल्सारच्या बाजूने जातो. गॅमा किरणांत पुसट दिसणारे हे पल्सार रेडिओ दुर्बिणींत एकेक करून वेगळे ओळखता येतात, कारण फिरताना दर फेरीला येणाऱ्या त्यांच्या रेडिओ स्पंदांना ठेका असतो. फर्मीला सापडलेल्या बेनामी ठिपक्यांकडे ग्रीन बँक, पार्क्स, जीएमआरटी अशा रेडिओ दुर्बिणी वळवल्यावर याआधीही कितीतरी मिलिसेकंद पल्सार सापडलेले आहेत. फुगवट्यातले पल्सार फार लांब आहेत, मधल्या विद्युतभारित वायूने त्यांचा ठेका विस्कटतो. दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट आणि उभारणी चालू असलेली स्क्वेअर किलोमीटर अॅरे यांच्याकडून त्यासाठी आशा आहे. पुरेसे पल्सार हाती लागले तर तेवढी चमक त्यांच्या नावावर लिहिता येईल.

दुसरा रस्ता खुज्या दीर्घिकांचा. त्या इतक्या अंधुक असतात की अजून कितीतरी आपल्याला माहीतच नाहीत. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून 2025 मध्ये आली. देवयानीचं फिरणं मोजणाऱ्या त्याच रुबिन यांचं हे नाव. पुढची दहा वर्षं ती दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहील आणि त्यातून अशा नव्या दीर्घिका हाती येतील अशी अपेक्षा आहे. एखादी सापडली की तिच्याकडे फर्मी नव्याने वळवावी लागणार नाही. फर्मी दर तीन तासांत सगळं आकाश नजरेखालून घालते, 2008 पासून. त्या दीर्घिकेकडून काही फोटॉन आले असतील तर ते केव्हाच टंगस्टनच्या पत्र्यात फुटले, मोजले गेले आणि माहितीच्या साठ्यात जाऊन बसले आहेत, पार्श्वभूमी म्हणून.